आपोआप डिप्पर

आपल्याकडे गाडीचे दिवे रस्ता दिसण्यापुरते थोडे आणि बोलण्यासाठी जास्त असतात. एकदा डिप्पर दिला की 'मी येतोय', दोनदा दिला की 'तू थांब', घाईघाईनं चार-पाचदा दिला की 'पुढं मामा उभे आहेत'. लांबलचक अप्पर मारला की काय, ते इथं छापता येणार नाही. अशा बोलक्या रस्त्यावर आमच्या विजेवरच्या गाडीचा उजवा हेडलाईट स्वतःच्या मनानं फडफडू लागला. घाटात एका ट्रकनं अदबीनं बाजू दिली, एका एसटीनं उलट डिप्पर मारून रामराम केला आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं मांडीवरचं हेल्मेट घाईनं डोक्यावर चढवलं. त्याचं भलंच झालं म्हणायचं.

पेट्रोलच्या गाडीचं काही बिघडलं तर लोक काय बिघडलं ते विचारतात. विजेच्या गाडीचं बिघडलं की म्हणतात, 'तरी आम्ही सांगत होतो.' वायपर कुरकुरला तरी बॅटरी गेली. शेजारच्या काकांनी चार्जिंग उतरत असणार, असा निकाल दिला. आईनं एवढंच विचारलं, "उजवा का डावा?" उजवा म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. गाडी म्हणजे बाईमाणूस, तिचा उजवा डोळा लवणं बरं नाही.

खरी मौज अशी की सीटखालच्या त्या तीनशेहून अधिक व्होल्टच्या बॅटरीचा हेडलाईटशी थेट संबंधच नसतो. दिवे, हॉर्न, वायपर, दारांची कुलपं हे सगळं चालतं बॉनेटखालच्या एका बारा व्होल्टच्या बॅटरीवर. ती बहुतेक गाड्यांत अजूनही शिसं आणि ॲसिडचीच असते, म्हणजे 1859 साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं जी बनवली तिच्याच वंशातली. वाडा कितीही नवा असो, किल्ल्या जुन्या कारभाऱ्याच्या कमरेला. हा कारभारी झोपला तर मोठ्या बॅटरीची कळच लागत नाही आणि शंभर टक्के चार्ज असलेली गाडी दारात ढिम्म उभी राहते.

जुन्या फियाटमध्ये सिग्नलला थांबलं की दिवे मंदावायचे, ॲक्सिलरेटर दाबला की उजळायचे. कारण वीज इंजिनच्या फिरण्यावर अवलंबून. इथं अल्टरनेटरच नाही. मोठ्या बॅटरीतून एक कन्व्हर्टर छोटीला साडेतेरा-चौदा व्होल्ट पुरवत राहतो, गाडी उभी असो की पळत असो. त्यामुळे 'रेस कमी पडते' हे आपलं पिढीजात निदान बाद झालं.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला लॅपटॉप जोडला. बराच वेळ पडद्याकडे पाहून तिथला मुलगा म्हणाला, "सर, काही एरर दाखवत नाही." मी दिव्याकडे बोट दाखवलं, तो पडद्याकडेच बघत होता. शेवटी हेडलाईटची अख्खी असेंब्ली बदलायचं ठरलं. किंमत ऐकून माझाच डोळा लवला.

साताऱ्यात पोवई नाक्यापलीकडे एक वायरमन आहेत, जन्म ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांत गेलेला. त्यांनी आधी बॉनेटमधल्या नारिंगी केबलींकडे पाहून दोन्ही हात मागं बांधले. "ह्यांना हात लावायचा नाही ना?" नाही म्हटलं, तो जास्त दाबाचा करंट. "मग ऱ्हायलं ते आपलंच." त्यांनी प्रश्न सुरू केले. एकच दिवा का दोन्ही? दोन्ही असते तर बॅटरी किंवा कन्व्हर्टर. खड्ड्यात जास्त होतं का? एसी लावल्यावर? बाजारातला एलईडी बल्ब टाकलाय का? (तो टाकला की गाडीचा कॉम्प्युटर बल्ब शाबूत आहे का हे बघायला जे बारीक झटके पाठवतो, त्यांवरही तो लुकलुकतो. हॅलोजनची तार तापलेली असते, तिला ते कळतही नाहीत.) मग म्हणाले, "उजवा इंडिकेटर लावा."

टिक-टिक सुरू झाली आणि प्रत्येक टिकेला हेडलाईट मान खाली घालू लागला. मिस्त्री खुशीत हसले. "अर्थ."

हेडलाईट आणि इंडिकेटर दोघांचा करंट एकाच बोल्टवरून बॉडीत उतरतो. ती वाट अरुंद झाली की इंडिकेटर पेटताना हेडलाईटच्या वाट्याचं व्होल्टेज खातो. हॅलोजन भलता नाजूक, दहा टक्के व्होल्टेज घसरलं की उजेड साधारण तिसऱ्या हिश्शानं जातो. मिस्त्रींनी दिवा चालू ठेवूनच मल्टीमीटरची एक सुई कपलरच्या काळ्या वायरीत आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली. आकडा आला 0.8. तो फार तर 0.2 असावा.

दहाच्या पान्यानं बोल्ट काढला. थिंबलखाली छान, गुळगुळीत, कंपनीच्या शेडचा रंग होता. मध्यंतरी पुढचा बंपर ठोकला गेला तेव्हा त्याच सर्व्हिस सेंटरनं रंगकाम केलं होतं आणि इतकं मन लावून केलं होतं की अर्थची जागाही सोडली नव्हती. मिस्त्रींनी पॉलिश पेपरनं पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं. मीटर 0.04 वर आलं. लॅपटॉपला हे कळणं अवघडच होतं, कारण करंट वाटेतल्या रंगाची तक्रार कुणाकडे नोंदवत नाही.

पन्नास रुपये मागितले. जास्त देऊ केले तर म्हणाले, "घासायचं किती घ्यायचं, साहेब?"

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, असेंब्ली मागवायची का म्हणून. नको, बाहेरच काम झालं, रंग खरवडला तेवढा, असं मी सांगितलं. पलीकडची मुलगी क्षणभर थांबली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, मग वॉरंटीला अडचण येऊ शकते."

"हेडलाईटच्या?"

"नाही सर, रंगाच्या."