फ्लॅश नसलेला न्याय

२००६ साली आलेल्या नोकिया ५३०० एक्स्प्रेसम्युझिकची सगळी ऐट गाण्यांची. पडद्याच्या कडेला गाणं थांबवायची, पुढं-मागं करायची स्वतंत्र बटणं. अंगठ्यानं पडदा वर सरकवला की खालून आकडे. कॅमेरा आपला म्हणायला होता: १.३ मेगापिक्सेल, फ्लॅश नाही. दिवस मावळला की फोटोत सगळे एकाच रंगाचे. समता समता म्हणतात ती हीच असावी.

अंतरवाली सराटी गावाच्या नशिबी मात्र चांगले कॅमेरे आले. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी बसलेल्या मनोज जरांगेंच्या उपोषणाच्या मांडवात नेत्यांची रीघ लागली. १४ तारखेला खुद्द तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे रस पाजायला हजर. त्या गर्दीच्या हातात जुने सरकते फोन असते, तर निम्मे पुढारी धूसर आले असते. उरलेले आलेच नसते.