शिखरांकनमीमांसा

यादीतील नावापुढे टिक करण्याच्या हेतूने एका दिनदर्शिकावर्षात केलेले गिरिभ्रमण, त्यास शिखरांकन अशी संज्ञा आहे. यादीविना डोंगर चढणे ही निव्वळ भटकंती होय. तिचा विचार या शास्त्रात होत नाही.

शास्त्राचे मूळ स्कॉटलंडात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये तेथील तीन हजार फुटांवरील शिखरांची सूची सिद्ध केली. ती पुरी केल्याचा मान १९०१ मध्ये रेव्हरंड रॉबर्टसन यांस मिळाला. सूचीकार १९१९ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांची स्वतःची सूची अपुरीच होती. सूचीकर्ता आणि सूचीपूरक हे भिन्न अधिकारी होत, हा प्रथम सिद्धांत येथूनच निष्पन्न होतो.

भारतवर्षात या विद्येचे पीठ भिवंडी तालुक्यातील दापोडे येथे मानणे युक्त. तेथील गोदामांत चलानावर टिक पडल्यावाचून खोका ‘आला’ असे मानीत नाहीत, मग तो ट्रकात डोळ्यांना धडधडीत का दिसेना. दापोडे संप्रदायाने हेच प्रमाण गडांस लावले.

अंकन चतुर्विध आहे. १) पूर्णांकन : माथ्यास पदस्पर्श. २) छायांकन : नामफलकाशेजारी छायाचित्र. ३) सहांकन : एकाने माथा गाठणे, इतरांनी खाली पिशव्या सांभाळणे. ४) पायथांकन : पोहे, चहा, पाऊस, परत. चौथा प्रकार हीन गणला जातो. तथापि बेन वायविस शिखराबाबत खुद्द रॉबर्टसन यांच्यावरही हा संशय घेतला गेला आहे, हे विसरू नये.

खरा वाद माहुलीचा. आसनगावी उतरून चढावयाच्या या गडाची पळसगड, माहुली व भंडारगड अशी तीन अंगे आहेत. टिका किती? एकवादी म्हणतात, पायथा एक, घाम एक, सबब टिक एक. त्रिवादी १६६५ चा पुरंदरचा तह पुढे करतात : मोगलांस दिलेल्या २३ किल्ल्यांत ही तिन्ही नावे स्वतंत्र आहेत, आणि मिर्झाराजे जयसिंगांसारखा चोख मोजणीदार एकच माल तीनदा लिहून घेईल हे संभवत नाही. यावर एकवाद्यांचे उत्तर असे, की मिर्झाराजांनी गड घेतले. चढल्याची नोंद दाखवा. दापोड्याचा निर्णय आम्हांस ग्राह्य वाटतो : खोका एक, नग तीन. मधल्या माहुलीवरूनच परतणाऱ्याने टिक अवश्य करावी, पुढे मात्र ‘दोन नग शॉर्ट’ असा शेरा लिहावा. अलंग-मदन-कुलंग या गडत्रयीसही हाच न्याय लागू.

डिसेंबरअखेर शिल्लक टिकांचा जो उद्रेक होतो, त्यास वर्षान्तज्वर म्हणतात. त्यावर दुगाडजवळचा गुमतारा गड हा उतारा होय, तालुक्यातला तालुक्यात.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांस जागतिक वारसा ठरविल्यापासून मात्र शास्त्र पेचात सापडले आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग येथे होडीने जावे लागते; तेव्हा पदस्पर्श धक्क्यावर मोजावा की तटावर, यावर दोन पक्ष पडले आहेत. जिंजी तर तमिळनाडूत. परराज्यातील ती टिक ई-वे बिलाविना आवकेत धरावी काय, हा प्रश्न संप्रदायाने तूर्त राखून ठेवला आहे.