दोन बोटं बाहेर

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत पार्किंगचे पट्टे मारून झाले की खऱ्या वादाला तोंड फुटतं. ‘तुमची गाडी आमच्या पट्ट्यात चार बोटं आली आहे’ अशी चिठ्ठी वायपरखाली खोचली जाते, सेक्रेटरी टेप घेऊन खाली उतरतात आणि वार्षिक सभेत या चार बोटांवर तासभर खल चालतो. याच सोसायटीतले एखादे चिरंजीव मात्र रविवारी जातात आणि रोख पैसे मोजून गाडीची चाकं दोन्हीकडून दोन-दोन बोटं बाहेर काढून आणतात. या रुंदीकरणाला भूसंपादन लागत नाही, हरकती-सूचना मागवाव्या लागत नाहीत. लागतात फक्त व्हील स्पेसर.

स्पेसर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. हब आणि रिम यांच्या मधे ती बसवली की चाक तिच्या जाडीइतकं बाहेर सरकतं. पण कुणी थेट चकती आणायला जात नाही. आधी मॅगव्हील येतात. रुंद, काळी, चकचकीत. ती बसवून गाडी वळवली की आतून टायर शॉकअपला घासतो. रिमच्या मागे ‘ईटी ४५’ असं काहीतरी कोरलेलं असतं. रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारी तिची बाजू यांच्यातलं ते अंतर, मिलीमीटरमध्ये. हा आकडा पैसे देण्याआधी वाचायचा असतो. आपल्याकडे तो घासल्यावर वाचतात.

“काळजी करू नका दादा, दहा एमएमचा स्पेसर टाकू.”

टाकला. ४५ चे ३५ झाले, आतून टायर सुटला आणि बाहेरून मडगार्डला लागला. मग मडगार्डची कड आत दुमडायची. दुमडताना रंग तडकतो, म्हणजे पेंटिंग आलं. ‘रिम चुकीची घेतली’ हे तीन शब्दांचं वाक्य बापासमोर बोलावं लागू नये म्हणून माणूस किती खर्च करू शकतो, याचा अभ्यास अर्थशास्त्रानं अजून मनावर घेतलेला नाही.

आता आट्यांचा प्रश्न. कंपनीनं स्टडची लांबी कंपनीच्या रिमच्या हिशेबानं ठेवलेली असते. मधे दहा मिलीमीटरची साधी चकती सरकवली की नटाला धरायला तेवढेच आटे कमी. बारा मिलीमीटरच्या स्टडवर नट निदान बारा मिलीमीटर तरी चढावा, दीडच्या पिचला पूर्ण आठ फेरे, असा साधारण दंडक आहे. दुकानातला दंडक याहून साधा आहे: “बसला ना? मग झालं.” लांब स्टड टाका म्हटलं तर पोरगं आपल्याकडे कंजूष पाव्हणा बघावा तसं बघतं. मग इम्पॅक्ट गन घर्रकन फिरते. टॉर्क रेंच भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेला असतो, त्यालाही कुणी हात लावत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात, हे गिऱ्हाइकाला सांगायचं राहून जातं, कारण तोवर स्टेटस टाकून झालेलं असतं.

स्विफ्टच्या हबसाठी रिमला ५४.१ मिलीमीटरचं भोक लागतं. चकतीचं भोक ढगळ असलं की चाक मध्यावर बसत नाही आणि हायवेला स्टिअरिंग थरथरतं. निदान ठरलेलं: बॅलन्सिंग करून घ्या. केलं तरी थरथरतं. अंतिम निदान: आपले रस्तेच खराब.

रस्ते खराब आहेत हे खरंच, आणि चाक बाहेर गेल्यावर ते अधिक जवळून कळतात. बेअरिंगवरची तरफ लांबते, प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग हिसका देतं, मडगार्डबाहेर आलेला टायर पावसाळ्यात सगळा चिखल दारांवर काढतो. मालक म्हणतात, “पण कॉर्नरिंग सुधारलं.” सुधारतही असेल, दोन चाकांतलं अंतर वाढलं की वळणावर एका बाजूला पडणारा भार कमी होतो. सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता याचा अनुभव कसा घ्यायचा, तेवढं त्यांनी सांगावं.

“पोर्शसुद्धा स्पेसर देते!” हा हुकमी एक्का. देते. काही ९११ गाड्यांना कंपनीतूनच ५ मिलीमीटरचे स्पेसर मिळत, सोबत त्या मापाचे लांब बोल्टही. यातला पहिला अर्धा भाग आपण आयात केला.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्यावर कट्ट्यावरचे कायदेपंडित दोन मुद्दे काढतात. एक, आरसी बुकात ऑफसेटचा रकानाच नाही. दोन, नियम ९३ गाडीला २.६ मीटर रुंदी देतो आणि स्विफ्ट भरते जेमतेम १.७३५, म्हणजे अजून ८६५ मिलीमीटर हक्काचे शिल्लक आहेत. चकती पहिल्या नजरेत ओळखणारा माणूस एकच: अपघातानंतर येणारा विम्याचा सर्व्हेअर.

शेवटी बेअरिंग गुणगुणायला लागलं की गाडी विकायची वेळ होते. कंपनीची चाकं परत चढतात, जाहिरातीत ‘एकदम ओरिजिनल, एकही बदल नाही’ असं छापून येतं आणि ती गुणगुण पुढच्या मालकाच्या नावावर होते. चिरंजीव क्रेटा घेतात. रिमा जपून ठेवलेल्या आहेतच, पण त्या १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर चार भोकांच्या, आणि क्रेटाला ११४.३ च्या वर्तुळावर पाच स्टड. दुकानदार हसतो. याला अ‍ॅडॉप्टर मिळतो. तोच मुळी पंचवीस मिलीमीटर जाड असतो, म्हणजे स्पेसरचे पैसे वाचले.