पर्यावरणप्रेमी नगरसेवकांसाठी आबांची शिकवणी

15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान झालं आणि पुण्या-मुंबईच्या सभागृहांना जवळपास चार वर्षांच्या प्रशासकराजनंतर पुन्हा माणसं मिळाली. प्रचारपत्रकांवरून पाहता एकही उमेदवार निसर्गाच्या विरोधात नव्हता. दारातली तुळससुद्धा ज्यांच्याकडे प्लास्टिकची, तेही 'हरित प्रभागा'चे शिल्पकार. पण या गर्दीतून एखादं माणूस चुकून खरोखरच टेकडी आणि नदीसाठी भांडत निवडून येतं. त्याचं काय करायचं, हा प्रत्येक पालिकेपुढचा गंभीर नागरी प्रश्न आहे.

आमच्याकडे अशा नव्या नगरसेविकेला थेट आबांच्या केबिनमध्ये नेतात. आबा म्हणजे चार वेळा स्वतः आणि, प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तेव्हा, एकदा वहिनी. बहात्तर साली दुष्काळ आणि ब्याण्णव साली घरचं लग्न एवढंच त्यांना आठवतं, बाकी सगळं टेंडर क्रमांकानं.

"बसा ताई," आबा म्हणाले. "पर्यावरण चांगलं आहे. मीही करतो. फक्त ते सभागृहात आणायचं नाही."

मग शिकवणी सुरू झाली.

पहिला धडा पाच जूनचा, म्हणजे पर्यावरण दिनाचा. रोप नवं, खड्डा गेल्या वर्षीचा. खोदाईचं बिल मात्र दरवर्षी, कारण हिशेब चोख हवा. फ्लेक्स त्याच चौकातल्या जुन्या पिंपळाला ठोकायचा, म्हणजे झाडाचाही सहभाग राहतो.

दुसरा धडा 'स' यादीचा. अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं पुण्यात या यादीत येतात, आणि तिच्यातूनच बाकडी, कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्या जन्म घेतात. 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून कापडी पिशवीला राष्ट्रकार्याचा दर्जा आहे. पिशवी एवढीशी, नाव एवढं मोठं. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्यांचंही तेच. आमच्या आळीतल्या एका घरात हिरव्या बादलीत तांदूळ भरलेले आहेत आणि निळीत नातू आंघोळ करतो. कचरा अजून जुन्याच डब्यात, एकत्र.

तिसरा धडा वर्गीकरणाचा. "अंदाजपत्रकात झाडांना भरपूर पैसे टाकायला लावा," आबा म्हणाले. "पेपरात छान बातमी येते. मग मार्च जवळ आला, निधी लॅप्स व्हायला लागला, की वर्गीकरणाचा प्रस्ताव आणायचा. झाडांचे पैसे पेव्हर ब्लॉकला. शेवटी पेव्हर ब्लॉकही झाडाभोवतीच बसतात ना?"

"झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, असं हरित लवादानं 2013 मध्येच दिल्लीच्या प्रकरणात बजावलंय," ताई म्हणाल्या.

"दिल्ली लांब आहे," आबा म्हणाले. "आणि काँक्रीट बुंध्याला टेकलं की झाडाला चिखल लागत नाही."

चौथा धडा भरपाईचा. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरलं, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असा नियम आला. ऐंशी वर्षांचा वड पाडला की ऐंशी रोपं. ताईंना हा नियम कडक वाटला होता. आबांनी तो मऊ करून दाखवला. "वडाला जन्मदाखला नसतो, ताई. एकोणपन्नास लिहा. हेरिटेजही गेलं आणि एकतीस रोपंही वाचली."

इथवर सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. पण ताईंनी पिशवीतून (हो, आबांचं नाव असलेल्याच) महापालिका कायद्याचं पुस्तक काढलं आणि विचारलं, "कलम 67 अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. त्यावर शेवटची चर्चा कधी झाली?"

आबांचा चहा बशीतच राहिला. अहवाल येतो हे त्यांना माहीत होतं. त्याचं मुखपृष्ठ गुळगुळीत असतं हेही माहीत होतं. तो वाचायचा असतो ही माहिती मात्र नवी होती.

ताई थांबेनात. वर्गीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावावर नाव घेऊन मतदान मागणार. वृक्ष प्राधिकरणापुढे येणाऱ्या प्रत्येक अर्जातलं झाड जाग्यावर जाऊन बघणार, वयासकट. आणि क्षेत्रसभा घेणार. शहरातल्या मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे. ती अमलात आलेली बघायला मात्र दुर्बीण लागते.

"लोकांना विचारून कामं ठरवायची?" आबांचा आवाज चिरकला. "मग आपण कशाला आहोत?"

ताईंनी हिवरे बाजारचं नाव काढलं. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले तेव्हा तेही गाव दुष्काळीच होतं. त्यांनी रोपांबरोबर फोटो काढण्यापेक्षा ग्रामसभेला कामाला लावलं. शेतीसाठी बोअरवेल बंद, ऊस-केळी बंद, आणि पाऊस किती पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडायचा, पिकं त्यावरून ठरवायची. पुढे पवारांना पद्मश्री मिळाली. तिच्यापेक्षा पाऊस गावाला पुरला ही गोष्ट मोठी.

"ते गाव आहे," आबा म्हणाले. "तिथं माणसं एकमेकांना ओळखतात. इथं मी माणसं ओळखत नाही, याद्या ओळखतो."

आबांचं एक मात्र बरोबर आहे. झाडं लावणारा नगरसेवक पालिकेला मुळीच त्रासदायक नसतो, उलट शोभून दिसतो. मानाची खुर्ची देऊन, दोन-तीन उद्घाटनं करवून त्याला वर्षभरात सुशोभीकरणाच्या फाइलवर सही करायला शिकवता येतं. त्रास होतो तो विषयपत्रिका वाचणाऱ्याचा. पर्यावरणाचे निर्णय पाच जूनला उद्यानात होत नाहीत. ते एरवीच्या एखाद्या दुपारी, आयत्या वेळच्या विषयात, 'मंजूर, मंजूर'च्या गजरात होतात. तिथं एक जण जरी उठून "थांबा, हे वाचून दाखवा" म्हणाला, तरी शहराचं भलं करायला पुरेसं असतं. पण त्याला एकट्याला सोडलं, तर सभा तहकूब करणं सगळ्यात सोपं.

तेव्हा मतदारहो, या पाच जूनला नगरसेवकांनी तुमच्या हातात रोप दिलं तर जरूर घ्या, लावा, पाणी घाला. आणि 31 जुलै उलटला की त्यांच्या कार्यालयात जाऊन एवढंच विचारा: अहवाल आला का, आणि तुम्ही तो वाचलात का? पिशवी दिली तर परत करा.