डिलीट म्हणजे दुरुस्ती नव्हे

आमच्या घरी येऊन संगणक 'ठीक' करून गेलेल्या गृहस्थांस,

नमस्कार. पत्राच्या आरंभी 'सप्रेम' लिहायची रीत आहे. ती मी आज मुद्दाम पाळलेली नाही. तुमचे किंवा दुकानाचे नाव इथे घेत नाही, कारण तुम्ही केलेत ते उद्या दुसराही कुणी करील. पत्र खुले ठेवले आहे ते त्याच्यासाठी.

माझी तक्रार काय होती, आठवते का? फ्लाइट सिम्युलेटर एक्स सुरू होतो, विमान उडते, उतरते, पण उड्डाण संपवायला गेले की सगळे गोठते. आदल्या रविवारी नेमके उड्डाण संपवतानाच लाईट गेली होती, हेही मी तुम्हाला सांगितले होते. अख्खे निदान त्या एका वाक्यात होते, पण ऐकून घ्यायला तुम्हाला सवड नव्हती. मोबाईलवर काहीतरी शोधलेत, डॉक्युमेंट्समधले 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स फाइल्स' हे फोल्डर उघडलेत, 'लॉगबुक डॉट बिन' ही फाईल निवडलीत आणि शिफ्ट धरून डिलीट दाबलेत. "झालं काम. नवीन फाईल आपोआप बनते," म्हणालात, पैसे घेतलेत आणि गेलात.

नवीन फाईल बनली. रिकामी. उड्डाणे शून्य, तास शून्य.

तुम्ही काय पुसलेत ते आता ऐका. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ, त्यातला रात्रीचा किती, ढगांत केवळ उपकरणांवर विसंबून किती, हे सगळे त्या फाईलमध्ये होते. पूर्ण केलेल्या मोहिमा आणि त्यांची बक्षिसेही तिथेच होती. अलास्कातल्या सिटका विमानतळावर वाईट हवेत उतरायची मोहीम मला कितीतरी प्रयत्नांनी जमली होती. नव्या फाईलच्या लेखी मी ती कधी केलीच नाही.

आणि १५ ऑक्टोबर २०२२. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला पस मॉथ हे एका इंजिनाचे विमान आणले. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. नव्वद वर्षे झाली त्या दिवशी मी माझ्या मुलीला शेजारी बसवून सेस्ना १७२ मधून तोच मार्ग उडवला. नकाशा तिने धरला होता. लॉगबुकातल्या दोन ओळी, कराची ते अहमदाबाद आणि अहमदाबाद ते जुहू, एवढाच त्याचा पुरावा होता.

"गेमच तर आहे," असे तुम्ही दारात म्हणालात. या तासांवर मला कोणी परवाना देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण खरा वैमानिक लॉगबुक किती जपतो, तेही ठाऊक आहे. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि ते तास लॉगबुकातूनच सिद्ध करावे लागतात. वहीचे एक पान फाटले म्हणून त्याच्यासमोर कुणी अख्खी वही चुलीत टाकली, तर त्याला तुम्ही दुरुस्ती म्हणाल का?

बरे, बिघाड ओळखणे कठीणही नव्हते. ही फाईल साध्या अक्षरांची नाही, बायनरी आहे. लिहिणे चालू असताना वीज गेली तर नोंद अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी फाईल उघडताना प्रोग्रॅम तिथेच अडकतो. एक्स-प्लेन हे दुसरे सिम्युलेटर आपले लॉगबुक साध्या मजकुरात ठेवते. तिथे बिघडलेली ओळ नोटपॅडमध्ये शोधता तरी येते. इथे तसे जमत नाही. उलट नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केली की उरलेसुरलेही जाते.

म्हणून कामाचा क्रम असा हवा होता. सिम्युलेटर पूर्ण बंद करायचे. आहे ती बिघडलेली फाईल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची. मग फोल्डरमधल्या फाईलचे नुसते नाव बदलायचे, 'लॉगबुक डॉट ओल्ड' असे काहीही. सिम्युलेटर सुरू करून एक छोटे उड्डाण संपवून पाहायचे. गोठणे थांबले तर दोष फाईलचा. थांबले नाही तर दोष दुसरीकडे, फाईलला जुने नाव परत द्यायचे आणि शोध चालू ठेवायचा. नाव बदलायला दहा सेकंद लागतात आणि पाऊल मागे घेता येते. तुम्ही निवडलेल्या मार्गात मागे यायला जागाच नव्हती. रिसायकल बिनमध्येही काही राहू नये म्हणून तुम्ही शिफ्ट धरलेत.

दोष फाईलचाच निघाला असता, तरी तिच्या गुणधर्मांत 'मागील आवृत्त्या' पाहता आल्या असत्या. विंडोजने जुनी प्रत राखली असेल तर ती तिथे मिळते. आकार शून्य केबी असता तर तिच्यात वाचवण्यासारखे काही नाही, असे मीच मान्य केले असते. तुम्ही आकारही पाहिला नाहीत. आणि माझी डिस्क एसएसडी आहे. पुसलेल्या फाईलची जागा तिथे ट्रिमच्या आदेशाने लवकरच मोकळी होते. जुन्या हार्ड डिस्कवर लगेच काम थांबवले असते तर फाईल परत मिळायची बरी शक्यता होती. इथे ती जवळजवळ नव्हती.

एका जुन्या लॅपटॉपवर मला २०१९ ची प्रत सापडली. सिम्युलेटर बंद करून, मूळ नाव देऊन, ती फोल्डरमध्ये ठेवली आणि तोवरची उड्डाणे परत आली. त्यानंतरची आली नाहीत. जुहूच्या त्या दोन ओळी त्यानंतरच्या होत्या.

माझीही चूक आहे आणि ती मी सुधारली आहे. दर उड्डाणानंतर, सिम्युलेटर बंद झाल्यावर, दोन ओळींची बॅच फाईल लॉगबुकची प्रत नावात तारीख घालून दुसऱ्या डिस्कवर ठेवते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे प्रती आपोआप क्रमाने लागतात. जुन्या प्रतीवर नवी कधीच चढवत नाही, कारण बिघडलेली फाईल चांगलीवर चढली की दोन्ही गेल्या. याच कारणासाठी क्लाउडशी नुसते सिंक करणे मी बॅकअप मानत नाही: इथला बिघाड तिथेही तितक्याच तत्परतेने पोचतो. महिन्यातून एकदा एक प्रत पेनड्राइव्हवर बहिणीच्या घरी जाते. संगणकाला आता यूपीएस आहे. आणि मुलगी शेजारी असली की उड्डाणाची नोंद वहीतही होते, तिच्या अक्षरात.

फ्लाइट सिम्युलेटर एक्स ऑक्टोबर २००६ चा आहे. तो घडवणारा एसेस स्टुडिओ २००९ च्या आरंभी बंद झाला. इतक्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींना त्या वापरणाऱ्याखेरीज वाली नसतो. म्हणून अशा संगणकाला हात लावणाऱ्याकडून माझी एकच अपेक्षा आहे. तुम्हाला जी फाईल कचरा वाटते, तिच्यात कुणाची सोळा वर्षे असू शकतात. पुसण्याआधी एकदा विचारा, "यात काय आहे?"

त्या दिवशी तुम्ही विचारले असतेत, तर मी सांगितले असते.

कळावे.

तुमचा एक ग्राहक