नाना आउट ऑफ स्टेशन आहेत

आमच्या सोसायटीतले नाना खोटं बोलत नाहीत आणि सेक्रेटरी म्हणून माझा सगळा ताप तिथूनच सुरू होतो. खोटं बोलणाऱ्याला निदान दारात तरी गाठता येतं. नानांना गाठायचं तर लोकलचं तिकीट काढावं लागतं.

नानांची नोकरी सरकारी, तीही आस्थापना शाखेत. म्हणजे उभी हयात लोकांच्या रजेचे अर्ज तपासण्यात गेली. अर्जाच्या शेवटी 'मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी' हे वाक्य नसलं, की अर्ज उलट टपाली परत. रजा मिळाली म्हणजे गाव सोडायची मुभा मिळाली, असं नव्हे. ती निराळी मागायची. इंग्रजी अर्जात तिलाच 'स्टेशन लीव्ह' म्हणतात. निवृत्तीला अकरा वर्षं झाली, तरी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेले नाना काकूंना "मुख्यालयातच आहे" असं सांगून जिना उतरतात.

गच्चीच्या गळतीची वर्गणी काढली, की मी फोन करतो. पलीकडून संथ आवाज येतो, "मी आउट ऑफ स्टेशन आहे." ते शंभर टक्के खरं असतं. माझी चाहूल लागली की नाना घराबाहेरच नव्हे, ठाण्याबाहेर पडतात. किती बाहेर, ते कामावर ठरतं. किरकोळ सही असेल तर मुलुंड. चेकनाका ओलांडला की महापालिका बदलते, तेवढं त्यांच्या विवेकाला पुरतं. पैशाचा मामला निघाला की विवेक कडक होतो. भत्त्याच्या नियमात मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आतल्या फिरतीला दैनिक भत्ता नाही, म्हणजे कागदोपत्री मुलुंडला गेलेला माणूस ठाण्यातच. म्हणून वर्गणीला घाटकोपर. आणि 'नाना, यंदा अध्यक्ष तुम्हीच व्हा' असं म्हणायला कोणी येणार असलं, तर थेट डोंबिवली.

मागच्या महिन्यात काम नुसत्या सहीचं होतं, म्हणून मी मुलुंडला उतरलो. फलाटाच्या टोकाला, पंख्याखालच्या बाकावर नाना. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर रुमाल, रुमालावर शेंगदाण्याची पुडी. सालं निराळ्या कागदात. मी दहा पावलांवरून फोन लावला. त्यांनी हात रुमालाला पुसले, चष्मा कपाळावर चढवला, फोन कानापासून चार बोटं लांब धरला आणि म्हणाले, "सेक्रेटरी, मी आउट ऑफ स्टेशन आहे." डोक्यावर मुलुंडची पिवळी पाटी.

"नाना, तुम्ही स्टेशनातच बसलाय."

चोरी पकडली गेल्याचा मागमूस नाही. सरकून मला जागा केली, चार दाणे दिले आणि म्हणाले, "हे रेल्वेचं स्टेशन. मी म्हणतो ते सरकारचं."

पुढची वीस मिनिटं तीन धीम्या लोकल आम्ही सोडल्या. नानांचं म्हणणं असं, की या शब्दाचा आगगाडीशी काडीचा संबंध नाही. आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आली, पण 'स्टेशन' त्याआधीच आलेलं होतं. कंपनी सरकारचे साहेबलोक ज्या गावी नेमलेले असत, बंगले, कचेरी, क्लब थाटून राहत, ते त्यांचं स्टेशन. तिथली गोरी मंडळी मिळूनही स्टेशनच. साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीला गेला, की आउट ऑफ स्टेशन. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हे 'स्टेशन' नोंदलेलं आहे. साहेब गेला, शब्द आपल्या कारकुनांच्या स्वाधीन करून गेला. आता विलायतेत कोणाला आउट ऑफ स्टेशन म्हणालात, तर तो फलाटाकडे बघेल. ऑस्ट्रेलियात तर मेंढरांच्या अफाट कुरणाला स्टेशन म्हणतात. काही कुरणं अख्ख्या ठाणे जिल्ह्याहून मोठी. (तिथे वर्गणी चुकवायची, तर नानांना चार दिवसांची शिदोरी बांधावी लागली असती.)

"आणि आपला तो मॅलेट," नाना रंगात आले. "ठाण्याचा कलेक्टर. 1850 साली मुख्यालय सोडून हिंडायला निघाला आणि माथेरान शोधलं. त्याचं झालं हिल स्टेशन! आउट ऑफ स्टेशन जावं आणि तिथेच स्टेशन उभं करावं, याला म्हणतात नोकरी." परवानगी घेतली होती का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण नाना त्या विचाराने रात्रभर झोपले नसते.

मीही थोडी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, "नाना, स्टेशन आलं लॅटिनमधून. मुळात धातू उभं राहण्याचा. तोच आपल्या संस्कृतातला 'स्था'. त्यावरून स्थान, स्थानाचं ठाण, ठाणं. शिलाहारांच्या लेखांत आपलं गाव श्रीस्थानक आहे. म्हणजे ठाणे आणि स्टेशन चुलत भावंडं. लोकलमधली बाई 'पुढील स्टेशन ठाणे' म्हणते, तेव्हा ती एकच शब्द दोनदा म्हणते. पोलीस स्टेशनला पोलीस ठाणं म्हणतो, तेही त्यातलंच."

नानांचा दाणा हातातच राहिला. मग चेहरा असा उजळला, की थकबाकीच मिळाली. "म्हणजे ठाण्याबाहेर पडलेला माणूस शब्दशः आउट ऑफ स्टेशन! पुणेकराला हे म्हणायचा अधिकार नाही. नागपूरकराला नाही. फक्त आपल्याला!"

डाव माझ्यावरच उलटला. मी घाईने म्हटलं, "तसं नव्हे. स्था म्हणजे उभं राहणं. माणूस जिथे उभा, तिथे त्याचं स्टेशन. तुम्ही घाटकोपरला जा नाहीतर डोंबिवलीला, बाहेर पडताच येणार नाही. करा सही."

नाना गप्प झाले. आस्थापनेतला माणूस अर्ज वाचतो, तसे माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले. चौथी लोकल आली. मी उठलो, कागद आणि पेन पुढे धरलं. त्यांनी पुडीचा कागद चार घड्या घालून पिशवीत ठेवला, पिशवी मांडीवर नीट केली आणि पाठ बाकाला टेकवली.

"उभं राहणं ना?" नाना म्हणाले. "मी बसलोय."