खारीचा वाटा, अळंबीचा वाटा

दमदार पाऊस पडून गेला की बोरिवली-मुलुंडच्या बाजारात आदिवासी मावश्या हिरव्या पानांवर रानअळंबीचे वाटे मांडतात. एरवी मॉलमधून बटण मश्रूमची डबी उचलून भाव न बघता पैसे देणारी मंडळी इथे मात्र दहा रुपयांसाठी उकिडवी बसतात. "मावशी, विषारी नाही ना?" हे प्रत्येकजण विचारतो, आणि उत्तर ऐकायच्या आत पिशवी पुढे करतो.

रानातलीच उडती खार मात्र अशी बाजारात भेटत नाही. तिच्यासाठी मेळघाट किंवा गडचिरोली गाठायचं, आणि तेही रात्री. शेपटी धरून जवळजवळ मीटरभर लांबीचं हे जनावर दिवसभर ढोलीत झोपतं. अंधार पडला की मनगटापासून घोट्यापर्यंतचं कातडं ताणून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातं. तरंगताना उंची फक्त कमीच होते. त्यामुळे उतरलं की मुकाट्याने पुन्हा खोड चढायचं.

अळंबीला ही दगदग नाही. वाळवीच्या वारुळात तिचं पोळीभाजी केंद्र चालतं. कामकरी वाळवी पालापाचोळा, लाकूड आणून टाकते. तो कठीण माल अळंबीची बुरशी मऊ करून देते आणि वाळवी तो खाते. हे कंत्राट इतकं पक्कं, की वाळवीला वगळून ही अळंबी शेडमध्ये पिकवणं अजून व्यापाऱ्यांना जमलेलं नाही.

चमकण्यातही चुरस आहे. भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या फांद्यांवरची एक बुरशी पावसाळी रात्री हिरवी उजळते, स्वतःच्या जोरावर. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एका प्राध्यापकांनी रात्री अतिनील बॅटरी झाडांवर फिरवली, तर उडती खार चक्क गुलाबी दिसली. 2019 मध्ये त्यावर शोधनिबंध आला. पण खारीला बॅटरी लागते. हा गुण बुरशीलाच.

अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या उडत्या खारी जमिनीखालची बुरशी उकरून खातात. तिचे बीजाणू लेंड्यांतून रानभर पसरतात, आणि ती बुरशी झाडांच्या मुळांना पाणी, क्षार पुरवते. म्हणजे खाऊनही खारीचा वाटा.

बोरिवलीकर नुसतंच खातो. त्यातही त्याला हव्यात न उमललेल्या कळ्या, चव त्यांनाच म्हणे. छत्री उघडण्याआधीच कळी खोबऱ्याच्या वाटणात गेली, की बीजाणू सांडणार कुठून? मावशीला गिऱ्हाईक पाठ आहे. वाट्यात कळ्या वर, उमललेल्या खाली.